माशाची भावकी

प्रिय ज्ञानोबा व्याही,

‘व्याही’ लिहून झालं आणि पेन थांबलं. खोडावं का? पण मायन्यात खोडाखोड केलेली आमच्या गुरुजींना चालायची नाही. ती सवय या वयातही सुटलेली नाही. राहू दे तसंच.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणाच. तुम्ही असता तर म्हणाला असता, “लिवा की पाव्हणं, तुमचं पेन, तुमचा कागद. वाचनारा काय आता तक्रार करत न्हाई.”

आजच लिहायला बसलो, कारण सकाळी तुमचा तानाजी येऊन गेला. चाकणची शिफ्ट सुटल्यावर कुरुळीला घरी न जाता थेट इकडे, संत तुकाराम नगरला आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. चहा घेतला, बिस्कीट मात्र नुसतं हातात धरून बसला. म्हणाला, “काका, परवा दादांचा दहावा. घाटावर मांडव घातलाय. प्रवचन झालं की चार मानसं बोलनार. तुमीबी बोला.”

मी हो म्हणालो. मग तो घुटमळला. चप्पल घातली, परत काढली.

“काका, राग मानू नका. माइकवाला नाव पुकारतो ना, त्याच्या मागं नातं सांगत्यात. अमक्याचे मामा, तमक्याचे साडू. तुमचं काय सांगू?”

मी काय सांगणार, ज्ञानोबा? म्हटलं, “संध्याकाळपर्यंत कळवतो.” आता ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं आहे आणि माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो आहे. आपण एकमेकांचे कोण?

एके काळी हे सोपं होतं. आमचा महेश आणि तुमची सुवर्णा. मी बार्शीकडून आलेला, कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांची उस्तवार करत निवृत्त झालेला. तुम्ही कुरुळीचे मूळ गावकरी, शेतीही केलीत आणि भोसरीच्या फाउंड्रीत लाकडी साचे कोरणारा पॅटर्नमेकर म्हणून हयातही घालवलीत. पोरांचं लग्न झालं, आपण व्याही झालो. पुढे पोरांचं जमलं नाही. भांडणं नाहीत, आरडाओरडा नाही. घरात दोघं असूनही घर रिकामं वाटायचं, इतकंच. मूलबाळ नव्हतं. दोघांनी सह्या केल्या आणि मोकळे झाले. सुवर्णा आता मंचरला सुखात आहे आणि तिकडे तुम्हाला रीतसर व्याही आहेत. परवा सोयऱ्यांच्या रांगेत त्यांची खुर्ची मांडली जाईल. एका लेकीचे दोन व्याही मांडवात कसे बसवायचे?

आमची मंडळी तर सकाळीच म्हणाली, “सुटलेल्या घरी माइकवर काय बोलणार तुम्ही? मागे बसा, हात जोडा आणि या परत.”

तिचं चूक नाही. पण तिला आपला मासा कधी कळलाच नाही.

आठवतो तो पहिला गणपती? सुवर्णा आमच्या घरात नवीन होती. आमच्या मंडळाला दरवर्षी हलता देखावा लागतो. त्या वर्षी पोरांनी विषय काढला, प्राचीन समुद्रातले अक्राळविक्राळ मासे. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे. कारण काय, तर मला शाळेतल्या कविता पाठ! म्हणून मोबाइलवर चित्रं बघत बसलो होतो. तुम्ही लेकीला भेटायला शेंगांची पिशवी घेऊन आला होतात. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, “ह्ये काय हो? घड्याळाच्या स्प्रिंगीला दात कुनी लावले?”

तो हेलिकोप्रिऑन होता. नाव तुमच्या जिभेवर बसेना, म्हणून तुम्ही त्याचा हेलिकोबा केलात. जणू आळंदीच्या बाजारातला कुणी ओळखीचा! दगडात उरलेली दातांची एक गुंडाळी. आत अगदी बारीक दात, बाहेर येता येता बोटाएवढे, सगळे एकाला एक चिकटून गोल फिरत गेलेले. बाकी शरीर काही नाही. का नाही, तर शार्कसारख्यांच्या अंगात हाडं नसतात, कूर्चा असते, आपल्या कानाच्या पाळीत असते तशी. ती कुजून जाते. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांनंतर मागे राहतात ते दात.

आमच्या मजल्यावरचे बाबर आले. जन्मभर मिलिंग मशीनवर काम केलेला माणूस. चित्र बघताक्षणी म्हणाले, “अहो, हा तर कटर! असले कटर बदलण्यात माझी उमर गेली.”

तुम्ही मान डोलावलीत. “दात हाय, गोल हाय, म्हंजी फिरनारच. न्हायतर द्येवानं येवढी मेहनत कशापायी केली?”

झालं! दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती का हो? कोकणात दाखवलं असतं तर कुणी शिंपला म्हणालं असतं. आणखी कुठे कुणी जिलबी म्हणालं असतं. पण आपल्या या पट्ट्यात दात असलेली गोल वस्तू दिसली की हात पहिल्यांदा मोटर शोधतो. तुम्ही घरून लाकूड आणलंत, फाउंड्रीच्या साच्यासारखा एकेक दात पटाशीनं काढलात. बाबरांनी जुन्या गाडीच्या वायपरची मोटर मिळवली. शार्कचं ते चित्रातलं टोकदार डोकं केलं, वर-खाली दातांच्या रांगा बसवल्या, आणि जबड्याच्या पुढे ती गुंडाळी गरगर फिरू लागली. निवेदनात मी तिला सुदर्शनाची उपमा दिली. अनुप्रास असा साधला होता की काय सांगू! रांग पार रस्त्यापर्यंत गेली. एक म्हातारी तर गणपतीआधी माशालाच हात जोडून गेली.

आणि मग सुवर्णा. गणपतीच्या मधल्या एका दुपारी हातात मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे. “दादा, बाबा, तुम्ही दोघांनी मिळून घोळ घातलाय.”

मग तिनं वाचून दाखवलं. गुंडाळी फिरत नव्हती. ती खालच्या जबड्यात, बरोबर मधोमध, उभी रुतलेली असायची. मोठे झालेले थोडेच दात वर दिसायचे, बाकीची सगळी गुंडाळी जबड्याच्या आत. नवा दात मागून यायचा आणि जुन्यांना पुढे, खाली, आत सरकवत जायचा. वरच्या जबड्यात दात नव्हतेच. माखल्यांसारखं मऊ काहीतरी तोंडात घ्यायचं, जबडा मिटताना दात मागे ओढले जायचे, की भक्ष्य आपोआप कापलं जायचं.

तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन चित्र बघितलंत. मग जे हसलात! “म्हंजी आपन त्याच्या तोंडात पिठाची गिरन बसवली की वं पाव्हणं!”

आपणच चुकलो असं नव्हतं. मोठमोठ्या विद्वानांनीही ती गुंडाळी कधी नाकाच्या शेंड्यावर लावून बघितली होती, कधी पाठीच्या पंखावर, कधी शेपटीला. “शेपटीला दात? आनि जेवायचं कसं, पाठमोरं बसून?” हा तुमचा प्रश्न. शेवटी दगड न फोडता आत बघता येणारं यंत्र आलं, दवाखान्यात असतं तेच, आणि त्यात जबडा दिसला. त्यावर तुम्ही कंबरेवर हात ठेवून म्हणालात, “मेलेल्या माशाचं स्कॅन! आनि आमची कंबर अजून येक्स-रेवरच.”

पण सुवर्णानं शेवटची ओळ वाचली तेव्हा तुम्ही हसायचे थांबलात. हा खरा शार्क नव्हेच, असं तिथं लिहिलं होतं.

विसर्जन झालं, मासा आमच्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीखाली गेला. पुढच्या वर्षी मंडळाला किल्ला हवा होता. मासा विसरला गेला. पुढे महेश-सुवर्णाचं ते सगळं झालं. ती दुपार मला नको असते, तरी येते. तुम्ही टेम्पो घेऊन आला होतात. तिची कपाटं, शिलाई मशीन, भांड्यांची खोकी. तुम्ही एकाही शब्दानं मला बोल लावला नाहीत, मी तुम्हाला नाही. दोन म्हातारे जिन्यातून खोकी उतरवत होतो आणि “जपून, जपून” एवढंच एकमेकांना म्हणत होतो.

सगळं भरून झाल्यावर तुम्ही टेम्पोत बसायचं सोडून वर गच्चीवर गेलात. मला वाटलं, डोळे पुसायला गेला असाल. खाली आलात तेव्हा हाताला धूळ होती. म्हणालात, “ताडपत्री फाटलीया. उंदीर लाकूड खातील. अधनंमधनं येऊन बघत जाईन म्हनतो, तुमची हरकत नसंल तर.”

माझी हरकत! ज्ञानोबा, त्या क्षणी मला काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मोडलेल्या सोयरिकीच्या घरी बाप कशाला येईल? गावानं नावं ठेवली असती. तुमच्याच भावकीनं विचारलं असतं, तिकडं कशाला पाय झिजवतो म्हणून. मासा बघायला जातो, याला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. वेडा म्हणाले असतील, तेवढंच. आणि मग कित्येक रविवार तुम्ही पीएमपीच्या बसनं येत राहिलात, पिशवीत पटाशी आणि शेंगा घेऊन.

मोटर काढली. गुंडाळी सोडवली. खालचा जबडा तुम्ही नवा कोरायला घेतलात, गुंडाळीला दोन्ही बाजूंनी ओंजळीसारखा धरणारा. आणि तिथं अडलात.

“पाव्हणं, गुंडाळी हाय. जबडा कळला. पन डोकं? डोकं तर दगडात न्हाई. मग म्या कुनाचं कोरू?”

मी म्हटलं, “शास्त्रज्ञ नातेवाइकांकडे बघतात. जे उरलं नाही ते नात्यावरून ताडतात.”

“मंग सांगा, ह्याची भावकी कंची?”

किती दिवस आपण त्या एका प्रश्नावर काढले! मी गच्चीच्या फरशीवर खडूनं झाड काढलं. बुंधा म्हणजे कूर्चेच्या सांगाड्याचं थोरलं घराणं. त्याला दोन फांद्या. एका फांदीवर शार्क, मुशी, पाकट. दुसऱ्या फांदीवर आज उरलेली मंडळी थोडीच, खोल काळोख्या पाण्यात राहणारी. घोस्ट शार्क म्हणतात त्यांना. मोठे डोळे, सशासारखे पुढे आलेले दाताचे पट्टे, मागे उंदरासारखी लांब शेपूट. या दोन फांद्या हेलिकोबाच्याही कितीतरी आधी वेगळ्या झालेल्या. आणि आपला हेलिकोबा बसतो या दुसरीवर, भुतासारख्या चुलतघराण्याच्या बाजूला. त्याची स्वतःची डहाळी मात्र वाळून गेली. पोटचं कुणी उरलं नाही.

तुम्ही खडूच्या रेघेवर बोट ठेवून म्हणालात, “म्हंजी नाव शार्काचं आनि सातबारा भलतीकडंच!”

मला हसू आवरेना. पण तुम्हाला एक खटकत होतं. तोंडावळा शार्कसारखा असेल, तर भावकी दुसरी कशावरून? मी वाचलं होतं ते सांगितलं. जबडा कवटीला कसा जोडलाय त्यावरून. सांध्याची ठेवण शार्कची नव्हती, त्या दुसऱ्या घराण्याची होती. हे ऐकलंत आणि तुमचा चेहरा खुलला. “ह्ये पटलं. लाकडाचंबी तसंच. वरचा रंग फसवतो. दोन फळ्या कशा जोडल्यात ते बघावं, मंग कळतं काम कुना मिस्त्रीचं.”

मग बराच वेळ पटाशीचा आवाज. आणि मग तुम्ही न बघताच विचारलंत, “माशात सोयरं नसत्यात का वं? समदी भावकीच?”

मी म्हटलं, “नसतात. त्या झाडावर लग्नाच्या गाठी दाखवायला जागाच नाही. रक्ताचं तेवढं धरतात.”

तुम्ही भुसा फुंकलात. “मंग मासा व्हन्यात काय मजा न्हाई.”

एवढंच बोललात आणि कामाला लागलात.  तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत तर मी काहीतरी बोललो असतो. तुम्ही मुद्दाम बघितलं नाहीत, हो ना?

मला स्वतःला या माशाचं काय आवडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शार्कचे दात पडतात, समुद्रभर सांडतात. हेलिकोबाचा दात एकही पडत नाही. बाळपणीचे ते तांदळाएवढे दात सगळ्यात आत, गुंडाळीच्या मध्यावर, तसेच. त्यांचा चावायला काही उपयोग नाही, ते उजेडातही येत नाहीत, पण आहेत. त्यांच्याभोवतीच पुढचं सगळं आयुष्य वळत गेलेलं. मी तुम्हाला म्हणालो होतो, “ज्ञानोबा, माझ्या कविता तशाच आहेत बघा. चौथीतली अगदी आत, पाचवीतली तिच्या बाहेर. नोकरीत एकीचाही उपयोग झाला नाही, पण काढून टाकली तर मी उरतो किती?” आणि मी सुरुवात करणार तोच तुम्ही हात वर केलात. “पाव्हणं, कविता नगं. च्या सांगा.”

निर्दय माणूस! एक कडवं तरी ऐकायचं होतंत. पण चहा आल्यावर तुम्हीच म्हणालात, “आमच्या साळंत पावसाची कविता व्हती, म्हना ती.” मी म्हटली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत आणि शेवटी म्हणालात, “आमच्या मास्तरची चाल येगळी व्हती.” त्यावरून आपण अर्धा तास भांडलो.

आणखी एक आठवतं. तुमच्या विकलेल्या रानात कंपनीचा पाया खणत होते. त्या ढिगाऱ्यात तुम्ही रोज संध्याकाळी फिरायचात. मला वाटायचं, जमिनीची हळहळ असेल. एका रविवारी पिशवीतून काळा दगड काढलात. त्यावर गोल-गोल रेषा होत्या. “बघा, हेलिकोबा तर न्हाई?” किती आशेनं विचारलंत! मला सांगावं लागलं की आपला काळा कातळ हा ज्वालामुखीचा, आणि तो वाहून आला तेव्हा हेलिकोबाला जाऊन कोट्यवधी वर्षं झाली होती. आपल्या पायाखाली तो सापडायचा नाही. तुम्ही दगड परत पिशवीत टाकलात. “आसूं दे. कुनाचा तरी आसंलच.” शेताविषयी त्या दिवशीही काही बोलला नाहीत.

आता एक तक्रार. करू ना?

सुवर्णाचं दुसरं लग्न. तुम्ही स्वतः आमंत्रण घेऊन आलात. आमची मंडळी म्हणाली जाऊ नका, मी गेलो. पोरीला अक्षता टाकायच्या होत्या, मनापासून. मांडवात तुम्ही मला हाताला धरून तुमच्या नव्या व्याह्यांपुढे नेलंत. “ह्ये आमचे…” म्हणालात आणि थांबलात. बँड वाजत होता, माणसं जेवायला उठत होती. ते गृहस्थ हसून वाट बघत राहिले. शेवटी तुम्ही म्हणालात, “…ह्ये पिंपरीचे पाव्हणे.”

पिंपरीचे पाहुणे! एवढंच? मला लागलं नाही, असं तेव्हा दाखवलं. लागलं होतं, ज्ञानोबा. जेवताना जिलबी गोड लागली नाही. आज सकाळी तानाजीनं विचारलं तेव्हा मात्र कळलं की शब्द तुमच्याकडे नव्हता तसा माझ्याकडेही नाही. तेव्हा तुम्हाला कशाला बोलू?

शेवटचं भेटलो ते पिंपरीच्या दवाखान्यात. नळ्या होत्या, तरी डोळ्यांत चेष्टा होती. विहीणबाई उशाशी बसल्या होत्या. तुम्ही खुणेनं मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काही निरवानिरव सांगणार. कानापाशी आलो तर म्हणालात, “तोंड कुनासारकं करायचं ठरलं?”

विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “बघा! जीव गळ्याशी आला तरी ह्यास्नी माशाचं तोंड!”

मी म्हटलं, “वाचून सांगतो, तुम्ही बरे व्हा.” तुम्ही मान हलवलीत. आणि बरे व्हायच्या ऐवजी निघून गेलात. असं अर्धवट काम टाकून पॅटर्नमेकर जातो का कधी?

वाचलं मी, व्याही. पुष्कळ वाचलं. कुणालाच ठाऊक नाही. आजच्या घोस्ट शार्कचं तोंड त्याला लावावं, तर मधे कोट्यवधी वर्षं गेलेली. पणतूवरून पणजोबांचं चित्र काढण्यासारखं, आणि तो पणतूही चुलत. शार्कचं लावावं, तर ती भावकी नव्हे. जो तो अंदाजानं काढतो. म्हणून तुम्ही कोरलंत तिथपर्यंत तो राहील. जबडा, गुंडाळी, आणि पुढे नुसतं गुळगुळीत लाकूड. त्याला डोळे लावायचा मला अधिकार नाही. शिवाय माझ्या हातची पटाशी तुम्ही पाहिलेली आहे.

इथवर लिहिलं आणि तानाजीला फोन लावला. उजेड कमी होत आला होता. संध्याकाळपर्यंत म्हणालो होतो ना. म्हटलं, “तानाजी, नुसतं नाव घे. मागे काही लावू नकोस.”

“आसं कसं काका? लोक इचारतील, ह्ये कोन म्हनून.”

“विचारू देत.”

 पलीकडून विहीणबाईंचा आवाज ऐकू आला, “कोन हाय? पिंपरीचे का?” मग फोन त्यांनीच घेतला. त्या कधी माझ्याशी फोनवर बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “परवा लवकर या. आनि सोयऱ्यांत बसू नका.”

माझा चेहरा पडला असणार. म्हटलं, “नाही, मी मागे बसेन.”

“मागं कशाला? भावकीत बसा. सोयऱ्यांतनं सुटला म्हनून काय मानूस वाऱ्यावर जातो का? तानाजीच्या शेजारी बसा, चुलत्याच्या जागी. त्याला चुलता हाय कुठं दुसरा!”

मी “बरं” म्हणालो.  अशा वेळी एकही कविता उपयोगी पडत नाही, हे मला आज कळलं.

फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. भावकीत बसायचं म्हणजे, ज्ञानोबा, केस काढायचे! माझे केस! या वयातही तेल लावून भांग पाडतो म्हणून तुम्ही किती टोमणे मारलेत. आणि केस काढले की सोयरे पुढे होणार आणि भावकीच्या डोक्यावर टोप्या घालणार. म्हणजे तुमचे मंचरचे व्याही परवा माझ्या डोक्यावर टोपी ठेवणार! तुम्हाला हे बघायला मिळायला हवं होतं. हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता.

मंडळीला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तिनं निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवली, माझ्या केसांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “उद्या तेल लावू नका मग. वस्तरा घसरतो.”

तर व्याही, वचन देतो. घाटावर सगळे मोठमोठी वचनं देतील, माझं लहान आहे. परवा तानाजीच्या शेजारी बसेन. न्हाव्यापुढे डोकं मुकाट खाली करीन. ते मंचरचे गृहस्थ टोपी घेऊन पुढे आले की मान वर करून त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवीन, आणि त्यांनी विचारलंच तर अडखळणार नाही. म्हणेन, मी तानाजीचा चुलता.

तुमचा,
सदाशिव